निवडक टिपणीस

"एकच कपाट," अलकनंदाबाईंनी निकाल दिला. "दुसरं न्यायचं असेल तर त्याच्याबरोबर तुम्हीही इथेच राहा. सरकार ठेवून घेत असेल तर."

सरकार ठेवून घेणार नव्हतं. विश्वनाथ टिपणीस अवर सचिव म्हणून जूनअखेर निवृत्त झाले होते आणि दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातलं सरकारी क्वार्टर ऑक्टोबरच्या आत रिकामं करून द्यायचं होतं. नोएडाच्या एका सेक्टरात सोसायटीचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तयार होता. तयार म्हणजे भिंती होत्या, नळ होते, पाणी यायचं होतं. साल पंच्याण्णव. देशाची दारं सगळ्या जगाच्या मालाला उघडली होती, पण टिपणीसांच्या नव्या फ्लॅटमध्ये पुस्तकांच्या दुसऱ्या कपाटाला जागा नव्हती.

पहिलं कपाट काचेचं, बैठकीच्या खोलीत. त्यात नावाजलेल्या, पुरस्कार मिळालेल्या, जाडजूड कादंबऱ्या. 'अस्तित्वाचा काटकोन' होती, 'मी, भिंत आणि मी' होती. या कादंबऱ्यांवर टिपणीस मराठी मंडळात तास तास बोलत. त्यांनी त्या सगळ्या सुरू केल्या होत्या, संपवली एकही नव्हती. आडनावाला जागून समासात पेन्सिलीनं टिपणं करायची त्यांना सवय होती. 'काटकोन'च्या सतराव्या पानावर लिहिलं होतं, 'अजून कोणी काही केलेलं नाही.' तेविसाव्या पानावर, 'नायक अद्याप खिडकीशीच.' एकतिसाव्यावर फक्त 'देवा!' आणि त्यानंतर समास कोरे.

दुसरं कपाट झोपायच्या खोलीत, दाराआड. त्यात बेचाळीस कादंबऱ्या, आणि त्यांतली एकही मंडळात नाव घेण्यासारखी नाही. 'सावत्र चांदणं', 'उंबऱ्याआड', असल्या. साठ साली टिपणीस तेविसाव्या वर्षी एकटे दिल्लीत आले आणि करोलबागेत एका गच्चीवरच्या खोलीत राहिले. आठवडा आठवडा कानावर मराठी शब्द पडत नसे. त्या खोलीत या कादंबऱ्यांनीच त्यांना सोबत केली. 'सावत्र चांदणं'मधली सुमन सावत्र आईच्या छळाला कंटाळून घर सोडते त्या पानावर ते हमसून रडले होते, आणि रडून झाल्यावर त्यांना फार बरं वाटलं होतं. त्या वर्षात बरं वाटावं असं दुसरं काही घडलं नव्हतं. या पुस्तकांचे समास शेवटपर्यंत भरलेले. 'वा!', 'सुमन, जाऊ नकोस!!!', 'आज ऑफिसात लक्ष लागलं नाही.' नाव मात्र एकाही पुस्तकावर घातलेलं नव्हतं. 'मराठी कादंबरीतील अश्रूंचा सुळसुळाट' या विषयावर दर दोन वर्षांनी व्याख्यान देणाऱ्या माणसानं ते घालणं बरं दिसलं नसतं.

आठवडाभर विचार करून टिपणीसांनी धीर केला. काचेच्या कपाटातली थोर पुस्तकं कबाडीवाल्याला द्यायची आणि ही बेचाळीस त्या कपाटात न्यायची. बाहेरून खाकी कव्हरं घातली की कोणाला काय कळतंय! त्यांनी बेचाळीसच्या बेचाळीस पुस्तकं स्वतःच्या हातानं पुसली, व्हरांड्यात रचली, सुतळीनं बांधली आणि वर एक मोठा कागद खोचला. त्यावर लाल पेन्सिलीनं लिहिलं, 'निवडक'. मग क्वार्टरमधले पंखे आणि बल्बचे होल्डर यांची यादी सरकारी कचेरीत द्यायला ते निघाले.

"रेवती, कबाडीवाला येईल. नको असलेली पुस्तकं त्याला दे. नीट बघून दे."

"बिल्कुल, पप्पा. डोंट वरी."

रेवती दिल्लीत जन्मली, दिल्लीत वाढली, आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. घरात मराठी छान बोलायची. पण जेवणखाण, रागावणं आणि गणपतीची आरती यांपलीकडच्या मराठीशी तिचा फारसा संबंध आला नव्हता. टिपणीस दोन तासांनी परत आले तेव्हा व्हरांडा स्वच्छ झाडलेला होता.

"रेवती, इथली पुस्तकं कुठायत?"

"दिली ना. कबाडीवाला आत्ताच गेला. तुम्ही वर लिहिलं पण होतं."

"काय लिहिलं होतं मी?"

"निवडक."

"मग?"

"मग काय, निवडक. जी आवडत नाहीत ती. जसं निडर, निकम्मा, निहत्था. 'नि' म्हणजे नाही ना? आवडक, निवडक."

"अगं, 'आवडक' असा शब्द मराठीत नाहीये!"

"मग 'निवडक' कसा आहे?"

तेवढ्यात शेजारणींचा निरोप घेऊन अलकनंदाबाई परतल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं वेडे, निवडक म्हणजे निवडलेली!"

"हो ना, मम्मी, तेच! आपण तांदूळ निवडतो तेव्हा निवडलेलं काय करतो? फेकतोच ना? खडे ठेवतो का आपण?"

अलकनंदाबाई नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "आता यात तिचं काय चुकलं, सांगा."

टिपणीस तसेच चपला घालून बाहेर पळाले. मार्केटपाशी कबाडीवाला सापडला, पण हातगाडी रिकामी होती.

"किताबें? वो तो टेम्पो में चढ़ गईं, बाबूजी. गाज़ियाबाद के गोदाम जाएँगी. मराठी थीं क्या? हम तो संस्कृत समझे."

"आपने देखा नहीं, कितने प्यार से रखी थीं?"

"प्यार से तो सभी रखते हैं, बाबूजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी टिपणीस दोन बस बदलून गाझियाबादला गेले. गोदामात कागदाचे डोंगर होते. मालक खुर्चीवर बसून दात कोरत होता. त्यानं टिपणीसांचं म्हणणं शांतपणे ऐकलं.

"सुतली वाला बंडल ना? आप देर कर दिए, सर. यहाँ एक साहब आते हैं, गत्ते के डिब्बों की फैक्टरी है उनकी, रद्दी ले जाते हैं. शाम को बंडल खोल के खड़े-खड़े पढ़ने लगे. फिर हँसने लगे. हँसते-हँसते पूरा बंडल गाड़ी में रखवा लिया."

"हँसने लगे?"

"बहुत हँसे, सर. मैंने पानी पिलाया."

पुस्तकांचे पुठ्ठ्याचे खोके होणार हे दुःख टिपणीसांनी गिळलं असतं. पण त्यांतलं एकही पुस्तक हसण्यासारखं नव्हतं. परतीच्या बसमध्ये त्यांना बसायला जागा मिळाली आणि ती मिळाल्याचा आनंदसुद्धा झाला नाही.

काचेचं कपाट नोएडाला गेलं ते जुन्या मालासकट, कारण पुन्हा कबाडीवाल्याला घरात बोलवायची टिपणीसांची छाती नव्हती. नव्या फ्लॅटमध्ये दुपारी वीज जाई, पाणी चढत नसे, आणि बाल्कनीतून समोर नुसते रिकामे प्लॉट दिसत. हाताशी होता तो 'काटकोन'. टिपणीसांनी तो पुन्हा पहिल्यापासून घेतला. चार दिवसांत ते एकतिसाव्या पानापर्यंत पोचले. तिथे स्वतःचाच 'देवा!' वाचून त्यांना गलबलून आलं. आपलं वाचन संपलं, आता नुसतं म्हातारपण उरलं, असं त्यांना मनापासून वाटायला लागलं.

महिन्याभरात दाराची बेल वाजली. बाहेर सोसायटीचे अध्यक्ष भाऊसाहेब रणदिवे उभे होते. गडगडाटी आवाजाचा, आडव्या बांध्याचा माणूस. आत येताच त्यांची नजर काचेच्या कपाटावर गेली.

"बाप रे! टिपणीससाहेब, तुमच्याबद्दल ऐकलं होतं ते खोटं नाही. अहो, आपल्या सोसायटीत पंचवीस मराठी कुटुंबं आहेत. रविवारी आपण मराठी वाचनालय सुरू करतोय आणि उद्घाटनाला तुमच्याशिवाय आहे कोण?"

"पुस्तकं कुठली आणलीत?" टिपणीसांनी औपचारिकपणे विचारलं.

"एकदम लॉटरी लागली, साहेब! माझी गत्त्याच्या डब्यांची फॅक्टरी आहे ना. रद्दी घ्यायला गाझियाबादला गेलो, तर तिथे बेचाळीस कादंबऱ्या! पण खरी गंमत कादंबऱ्यांत नाहीये. ती समासात आहे. कोणीतरी एक येडा होऊन गेलाय. रविवारी वाचूनच दाखवतो."

टिपणीसांना एकाच वेळी हर्षवायू व्हायची आणि झीट यायची वेळ आली. पुस्तकं सापडली होती, दोन बिल्डिंग पलीकडे सुखरूप होती, आणि 'ती माझी आहेत' एवढे तीन शब्द बोलून ती परत मिळाली असती. टिपणीस म्हणाले, "चहा घेणार ना?"

रविवारी सकाळी हॉल गच्च भरला. टेबलावर बेचाळीस पुस्तकं मांडली होती आणि शेजारी कोरं रजिस्टर घेऊन सुनीती गडकर बसली होती. ही पूर्वी लक्ष्मीबाई नगरातच दोन गल्ल्या सोडून राहायची. भाऊसाहेबांनी 'सावत्र चांदणं' उघडलं.

"ऐका हं. पान अठ्ठ्याऐंशी. नायिका घर सोडून निघालीय. आणि आमचा वाचक समासात काय लिहितो? 'सुमन, जाऊ नकोस!!!' तीन उद्गारचिन्हं!"

हॉल हसला.

"पान एकशे बारा. 'आज ऑफिसात लक्ष लागलं नाही. सेक्शन ऑफिसर ओरडला. ओरडो.' पान एकशे चाळीस. 'आईची फार आठवण येते.' आणि इथे, हे बघा, डाग! रडलाय, साहेब, चक्क रडलाय!"

हसून हसून लोकांच्या डोळ्यांना पाणी आलं. पहिल्या रांगेत बसलेली रेवती पुढे वाकून पान बघत होती.

"पप्पा, ये तो आपकी..."

"रेवती, पाणी आण."

"पण पप्पा, हे अक्षर तर..."

"थंड आण. बाटलीतलं."

अलकनंदाबाई छताच्या पंख्याकडे एकटक बघत होत्या. पदर तोंडाशी होता आणि खांदे हलत होते.

आणि तेव्हा टिपणीसांना युक्ती सुचली. या पुस्तकांवर आपण अशी टीका करायची की वाचनालयाला ती ठेवायची लाज वाटावी. समितीनं ती काढून टाकायचं ठरवलं की आपण उदारपणे म्हणायचं, राहू दे, मी विल्हेवाट लावतो. रिक्षानं दोन फेऱ्यांत घरी. ते उठले, चष्मा पुसला आणि माईक हातात घेतला.

"मित्रहो, ज्या समाजाला 'अस्तित्वाचा काटकोन' लाभला, त्या समाजात हा चिखल अजून वाचला जातो याचं मला दुःख होतं. या कादंबऱ्यांना कथानक नाही, नुसते हुंदके आहेत. 'सावत्र चांदणं'ची नायिका पहिल्या पन्नास पानांत अकरा वेळा रडते. का रडते? आई नाही म्हणून! अहो, पण आई नसणं ही काय..."

त्यांनी रेवतीनं आणलेलं पाणी घोटभर घेतलं.

"ही काय कादंबरी होऊ शकते? सुमन घर सोडते ते पान म्हणजे तर भडकपणाचा कळस. पाऊस आहे, कंदील आहे, लहान भाऊ झोपेत तिचं नाव घेतो. वाचकाला रडवायचं म्हणून लेखिकेनं काही म्हणून बाकी ठेवलेलं नाही. आणि या टिपणं लिहिणाऱ्या गृहस्थाबद्दल काय बोलावं? ज्याला स्वतःचं असं आयुष्य नव्हतं, बोलायला माणूस नव्हतं, तो असा पुस्तकातल्या पोरीशी बोलत बसला."

आजच्या सगळ्या भाषणात हे एवढंच वाक्य खरं होतं आणि ते त्यांना लागलं.

"माझी सूचना आहे," ते सावरून म्हणाले, "की हा गठ्ठा वाचनालयात ठेवू नये. समितीला त्रास नको. मी स्वतः घेऊन जातो आणि काय ती व्यवस्था लावतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. टिपणीसांनी मनातल्या मनात रिक्षा बोलावली. पण टाळ्या संपायच्या आतच खुर्च्या सरकल्या आणि सगळा हॉल टेबलाकडे धावला. सुनीतीच्या भोवती झुंबड उडाली.

"लाइनमध्ये या! एकाला एकच! 'सावत्र चांदणं'साठी वेगळी लाइन करा, यार, प्लीज!"

"हे काय चाललंय?" टिपणीसांनी विचारलं.

सुनीतीनं मान वर केली. तिचा चेहरा कृतज्ञतेनं फुलला होता.

"काका, थँक यू हं! तुम्ही काय म्हणता याचीच सगळे वाट बघत होते. आम्ही लक्ष्मीबाई नगरवाले तर कधीपासून हेच करतो. मी इथे पण सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. काकांनी नावं ठेवली ना, की डोळे मिटून ते पुस्तक घ्यायचं. हातातून सुटत नाही."

"आणि मी ज्यांची प्रशंसा करतो ती?"

"आमच्या ह्यांनी तुमच्या सांगण्यावरून 'काटकोन' पुण्याहून मागवली होती. आमचा फ्रिज ना, एका बाजूनं डगमगायचा. आता अगदी नव्वद अंशांत उभा आहे."

"काटकोनच तो!" भाऊसाहेब मागून गरजले.

पंधरा मिनिटांत टेबल रिकामं झालं. रिकाम्या टेबलाशी टिपणीस तेवढे उभे राहिले. ते हळूच म्हणाले, "सुनीती, ते 'सावत्र चांदणं' परत आलं की मला देशील?"

"तुम्हाला? तुम्हाला कशाला हवंय ते?"

"सविस्तर टीका लिहायची आहे."

"अच्छा! मग तर आम्ही आधी सगळे वाचून घेतो." तिनं रजिस्टरात नाव लिहिलं. "तुमचा नंबर चौदा."

तो हिवाळा टिपणीसांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. दुधाच्या रांगेत पुढच्या बाईच्या पिशवीतून 'उंबऱ्याआड' डोकावायचं. उन्हात खुर्ची टाकून बसलेले एक निवृत्त कर्नल 'सावत्र चांदणं' तोंडासमोर धरून नाक ओढताना दिसायचे. कुठल्या पानावर आलात, असं विचारायला टिपणीसांचा जीव तुटायचा. पण कर्नल त्यांना बघताच पुस्तक वर्तमानपत्राखाली सरकवायचे आणि म्हणायचे, "फारच सुमार, टिपणीस. तुम्ही म्हणता तसंच." मग हे मान डोलवायचे आणि पुढे जायचे. घरी येऊन 'काटकोन' उघडायचे आणि बंद करायचे.

"अहो, सरळ सांगून का टाकत नाही?" अलकनंदाबाई एकदा म्हणाल्या.

"काय सांगू? की तो येडा मी?"

"नाहीतरी कधीतरी कळणारच की लोकांना."

टिपणीसांनी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

होळी झाली आणि त्यांचा नंबर लागला. सुनीतीच्या घरून पुस्तक आणताना त्यांनी ते मुद्दाम दोन बोटांत, कडेनं धरलं होतं. घरी कोणी नव्हतं. बाल्कनीत बसून त्यांनी पहिलं पान उलटलं आणि अंधार पडायच्या आत शेवटच्या पानावर आले. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर पस्तीस वर्षांपूर्वी रडले होते त्याच ओळीला पुन्हा रडले. कंदील होता, पाऊस होता, भाऊ झोपेत नाव घेत होता. काही म्हणून बाकी ठेवलेलं नव्हतं, आणि किती छान होतं ते सगळं!

शेवटचं कोरं पान आता कोरं राहिलं नव्हतं. त्यावर तेरा वाचकांनी आपापल्या पेन्सिलीनं लिहिलं होतं. 'पान ८८ ला मीसुद्धा असंच ओरडले.' 'ऑफिसात लक्ष लागलं नाही. माझंही.' एका थरथरत्या, फौजी वळणाच्या अक्षरात, 'आई आठवली. साठ वर्षांनी.' कोणी बाईनं लिहिलं होतं, 'ही टिपणं कोणाची असतील? भेटायला हवा होता हा माणूस.' आणि सगळ्यांत खाली, ठसठशीत अक्षरांत, दोनदा अधोरेखित करून:

'या माणसाला कादंबरी कळली. टिपणीसांना कळली नाही.'

टिपणीसांनी ते वाक्य तीनदा वाचलं. आयुष्यभर त्यांनी ऑडिटच्या आक्षेपांना उत्तरं दिली होती. एकाही आक्षेपासमोर ते निरुत्तर झाले नव्हते. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, टोक कागदावर टेकवलं, आणि थबकले. अक्षर ओळखू आलं असतं.

त्यांनी पेन्सिल डाव्या हातात घेतली. जीभ दातांत धरून, वाकड्यातिकड्या अक्षरांत, त्या ओळीखाली त्यांनी लिहिलं, 'सहमत.'